परत येणाऱ्यांची यादी

४ फेब्रुवारी

नाकारला!

दोन ओळींचं पत्र. पहिली ओळ — मुदत संपल्यावर अर्जदार देश सोडून जाईल याची खात्री वाटत नाही. दुसरी — अर्जावरचा फोन नंबर आणखी २१७ अर्जांवर आढळला आहे. खाली शिक्का. सही नाही, सहीच्या जागी कुठलासा आकडा.

बावीस वर्षं मी लोकांना हीच पाकिटं उघडून वाचून दाखवतेय. "काका, मन घट्ट करा, पुन्हा भरू" म्हणायचं आणि पाण्याचा ग्लास पुढे करायचा, ही माझी पद्धत. आज पाकीट माझं होतं आणि ग्लास शेजारच्या झेरॉक्सवाल्याने पुढे केला. मी घेतला नाही. म्हटलं, तहान नाही लागलेली, राग आलाय.

एकवीस दिवस मागितले होते. एकवीस! राहायला नाही, कमवायला नाही. ताईला बघायला. ताईचे डोळे चाललेत. काचबिंदू. डावा गेल्यातच जमा आहे, उजव्याचं डॉक्टर म्हणतात, वर्ष निघेल की नाही सांगता येत नाही. डिसेंबरात ती फोनवर म्हणाली, "तुझं तोंड दिसतंय तोवर एकदा येऊन जा गं." तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली काय ते आज लिहीत नाही.

आणि म्हणे मी परत येणार नाही. मी!

५ फेब्रुवारी

२१७ चं कोडं वगैरे काही नाही. नंबर माझा, लिहिलाय मीच, दोनशे सतरा वेळा.

व्हिसा केंद्राच्या समोरच्या इमारतीत, जिन्याखाली माझं टेबल. मला सगळे फॉर्मबाई म्हणतात. माझ्याकडे येतात ते मुलाला, बहिणीला, जुन्या मित्राला भेटायला महिना-दोन महिने जाणारे. कुणाला फॉर्म वाचता येत नाही, कुणाला येतो पण धीर होत नाही. फॉर्म म्हणतो, फोन नंबर द्या, पासपोर्ट परत न्यायला तयार झाला की मेसेज येईल. आता कोपऱ्यावरच्या शिंप्याला मेसेज आला तर तो जाहिरात समजून पुसून टाकतो. शाळेतला शिपाई दर सहा महिन्यांनी नंबर बदलतो. एका आजींचा फोन सुनेच्या ताब्यात, आणि सुनेला सासूने लेकीकडे जायला नकोय. मग मी म्हणायची, "राहू द्या, माझा टाकते." मेसेज मला येतो, मी माणूस शोधून काढते. एकाला तर दवाखान्याच्या रांगेतून उठवून आणलंय.

पलीकडे एक यंत्र बसलंय आणि ते हे सगळं मोजतंय, हे कधी मनातसुद्धा आलं नाही. त्या यंत्राच्या लेखी मी काय? टोळी!

झेरॉक्सवाला म्हणाला, "बाई, म्होरक्या म्हणजे तुम्हीच. आता मला तुमच्याशी जपून बोलायला हवं." कालपासून पहिल्यांदा हसले.

७ फेब्रुवारी

खात्री हवी आहे ना त्यांना? देते.

माझ्याकडे वही आहे. लांब, निळ्या पुठ्ठ्याची. ज्यांच्या फॉर्मवर माझा नंबर, त्यांची जबाबदारी माझी, म्हणून मी त्यांची नोंद ठेवते. नाव, गेल्याची तारीख, किती दिवसांची परवानगी, परत आल्याची तारीख. कुणी सांगितलं नव्हतं. पूर्वी एका कंपनीत टायपिस्ट होते, तिथे आवक-जावक माझ्याकडे होतं. कंपनी बुडाली, सवय राहिली.

परत आले की लोक सांगायला येतातच. येताना काहीतरी आणतात. चॉकलेट, पेन, फ्रीजला लावायची ती लोहचुंबकाची चित्रं. माझ्याकडे फ्रीज नाही, कपाटाला लावलीत. शिंप्याने हॉटेलातला साबण आणला होता, पाव इंचाचा! म्हणाला, "बाई, वापरू नका, ठेवा."

माझ्या हाताखालून गेलेला एकही माणूस मुदत संपल्यावर तिथे राहिलेला नाही. एकही नाही! ही यादी पत्राला जोडून देणार आहे. वाचा म्हणावं.

८ फेब्रुवारी

मोजले. माझ्या वहीत २१९ भरतात. त्यांचे २१७. दोन त्यांच्या हाती लागलेच नाहीत. हे केंद्र समोर आलं तेव्हा पहिले काही महिने फॉर्म कागदावर हाताने भरायचे, ते यंत्रात गेले नसणार. एवढी मोठी सरकारं आणि माझ्या वहीपेक्षा कच्ची!

'परत' या रकान्यात तीस जागा कोऱ्या आहेत. म्हणजे ती माणसं आलीत, फक्त मला सांगायला आली नाहीत. उद्यापासून फोन.

९ फेब्रुवारी

बारा लागले. बाराच्या बारा परत! विमा एजंटाची सासू म्हणाली, "आले होते की तुमच्याकडे, तुमचं टेबल बंद होतं. तुम्ही पण कधी कधी दांडी मारता हं." तारीख विचारली तर पासपोर्ट शोधायला गेली आणि फोन तसाच ठेवला. वीस मिनिटं तिच्या घरातलं भांडण ऐकलं. पण तारीख मिळाली.

संध्याकाळी ताईचा व्हिडिओ कॉल. नकाराचं सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे, तू बरी दिसतेस. निळा रंग शोभतो तुला." मी पांढऱ्यात होते. तिथलं नेट म्हणजे दिव्यच.

११ फेब्रुवारी

आणखी अकरा. एक निवृत्त मास्तर तर भडकलेच. "मी मुदतीच्या चार दिवस आधी परत आलो होतो! तेही लिहा." लिहिलं.

१२ फेब्रुवारी

आज सहा. एक गेलाच नव्हता, जायच्या आठ दिवस आधी वारला. त्याच्या बायकोने पासपोर्ट अजून जपून ठेवलाय. म्हटलं, फॉर्म छान भरला होता त्यांचा, एक चूक नव्हती.

दुसऱ्या एकीला तिकडे पाय मोडल्यावर रीतसर वाढवून मिळाली होती मुदत. कागद आहे तिच्याकडे, उद्या झेरॉक्स.

एकोणतीस झाल्या. एक जागा कोरी राहिली.

१५ फेब्रुवारी

दोन दिवस लिहिलं नाही. लिहायला तोंड नव्हतं.

सात तारखेला वर 'एकही नाही' असं लिहिलंय. खोटं आहे ते. ही वही कुणी वाचत नाही, माझी मीच वाचते, तरी खोटं लिहिलं. सवय. चौदा वर्षांची.

दुसऱ्या क्रमांकाची ओळ ताईची आहे. परवानगी साठ दिवसांची. परत — कोरं.

फॉर्म मीच भरला होता. कारण : मैत्रिणीला भेटणे. तेव्हा तिचा संसार मोडून सहा वर्षं झाली होती, दादाच्या घरी राहायची. घर भरलेलं, पण तिच्यासमोर प्रत्येक जण आवाज खाली करून बोलायचा. "मला फक्त एकदा इथून बाहेर काढ," ही तिने माझ्याकडे मागितलेली पहिली गोष्ट. मी काढलं. एकसष्टाव्या दिवशी फोन आला, "मी येत नाही गं. इथे मला कुणी बिचारी म्हणत नाही." एका म्हातारीची देखभाल करायचं काम मिळालं होतं. जेवणखाण, वर एक खिडकी असलेली खोली. ती मुदत संपून राहिलेली आहे, आणि एकदा बाहेर पडली तर पुन्हा आत येता येणार नाही. डोळ्यांचा त्रास सुरू झाला तेव्हा दवाखान्यात गेली नाही, कागद मागतील म्हणून. गेली तेव्हा फार उशीर झाला होता.

आणि मी माझ्या फॉर्मवर काय लिहिलं? प्रवासाचं कारण : पर्यटन. पाहण्याची ठिकाणं : तीन. तिन्ही गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवरची. 'त्या देशात कुणी नातेवाईक आहे का?' — नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवलं. लोकांना बावीस वर्षं सांगतेय, फॉर्मवर खोटं लिहू नका, अंगाशी येतं. आणि स्वतःच्या हाताने स्वतःच्या बहिणीला 'नाही' लिहिलं. तेही ठळक अक्षरात, कारण फॉर्म ठळक अक्षरात भरायचा असतो.

१६ फेब्रुवारी

सोपा मार्ग आहे. त्यांच्या २१७ मध्ये ताई नाही. २१७ ची यादी द्यायची. सगळे परत आलेले, वारला तो गेलाच नव्हता, पाय मोडलेलीचा कागद. एक अक्षर खोटं नाही. ताईचं नाव कुठे येतच नाही.

झेरॉक्सवाल्याला सांगितलं सगळं. चौदा वर्षांत पहिल्यांदा घराबाहेरच्या कुणाला तरी. तो यंत्राचं झाकण उघडं ठेवून ऐकत राहिला. मग म्हणाला, "मग २१७ च द्या की. त्यांनी २१७ विचारलेत. तुम्ही दोन पदरचे कशाला घालताय?"

बरोबरच आहे त्याचं.

१८ फेब्रुवारी

दादाकडे गेले. 'परत येण्याची कारणं' या रकान्यासाठी कुणीतरी घरच्याने लिहून द्यावं लागतं, की ही आमची, हिचं घरदार इथे आहे. माझं काय आहे इथे? नवरा नाही, मूल नाही, खोली भाड्याची. एक भाऊ आहे.

दादा म्हणाला, "त्या देशाच्या कागदावर माझी सही पुन्हा होणार नाही." ताईच्या वेळी हमीपत्र त्यानेच दिलं होतं. पुढे त्याचा मुलगा तिकडे शिकला, पदवी घेताना बघायला दादाने अर्ज केला, तर नकार. कारण दिलं नाही, पण दादाने ते त्या हमीपत्रावरच धरलं. समारंभ त्याने फोनवर बघितला, तोही आडवा धरायचा तो उभा धरून. दुधाने तोंड पोळलेला माणूस. मला त्याचा राग येत नाही असं नाही, येतो. पण त्याचं पोळलंय, हेही खरं.

मी म्हटलं, "दादा, तिचे डोळे जातायत." तो पेपर वाचत राहिला. पान मात्र उलटत नव्हता.

वहिनी फाटकापर्यंत आली. म्हणाली, "थोरल्या वन्संना विचारलंय म्हणून सांगा. माझ्या नावाने सांगा, ह्यांच्या नको."

२० फेब्रुवारी

ताईला विचारलं. सरळच. "तुझं नाव लिहू का?"

ती म्हणाली, "चौदा वर्षं मी कुठल्याच कागदावर नाही. भाड्याच्या पावतीवर नाही, विजेच्या बिलावर नाही. औषधाच्या चिठ्ठीवरसुद्धा म्हातारीचं नाव असतं. लिही तू. तुझ्या तरी कागदावर असू दे मी."

"पकडतील तुला."

"पकडू देत. मी काय पळू शकणारेय आता?"

हसत होती. फोन ठेवल्यावर मी रडले, ते लिहून ठेवते. मग तोंड धुतलं आणि फॉर्म काढला.

२१ फेब्रुवारी

त्या देशात कुणी नातेवाईक आहे का? — आहे. एक. सख्खी मोठी बहीण.

प्रवासाचं कारण? — तिची नजर जायच्या आत तिला भेटणे.

यादी पूर्ण २१९ ची. वर चार ओळी : 'आपल्या मोजणीत दोन कमी आहेत, ते जोडले आहेत. २१९ पैकी एक जण जाण्यापूर्वी वारला. २१७ वेळेत परत आले. एक आली नाही. ती माझी बहीण आहे.'

झेरॉक्सवाला म्हणाला, "हा पायावर धोंडा आहे, बाई." म्हटलं, पाय माझा आहे. तो म्हणाला, "धोंड्याच्या किती प्रती काढू?"

२४ फेब्रुवारी

अर्ज दिला.

केंद्र इथे आल्यापासून चौदा वर्षं समोर बसून या दाराकडे बघतेय, आत जायची आजची दुसरीच वेळ. टोकन घेतलं, बसले. काउंटरवरची मुलगी मला ओळखते, दुपारी माझ्याकडे चहा प्यायला येते. पण काचेच्या आत बसली की ती कुणाला ओळखत नाही, तसा नियमच आहे. "पूर्ण नाव?" म्हणाली. सांगितलं. जशी काही तिला ठाऊकच नाही!

बोटांचे ठसे उमटेनात. चार वेळा पुसून ठेवली बोटं. रेषाच राहिल्या नाहीत म्हणे, कागद हाताळून गेल्या. मुलगी हळूच म्हणाली, "जोरात दाबा." पाचव्यांदा उमटले.

'परत येण्याची कारणं' खाली काय जोडलंय ते लिहून ठेवते. दादाचं पत्र नाही. शिंप्याचं पत्र, पाच ओळी. मास्तरांचं तीन पानी, त्यात दोन पानं त्यांच्या स्वतःच्या वक्तशीरपणाबद्दल. सुनेच्या ताब्यातल्या आजींचा अंगठा, वर वाक्य : 'ही बाई आली नाही तर मी लेकीकडे कशी जाऊ?' अशी एकूण एकेचाळीस. मी मागितली नव्हती. झेरॉक्सवाल्याने माझ्या पाठीमागे गोळा केली.

२ मार्च

मुलाखतीला बोलावलंय. सहा तारखेला, अकरा वाजता. थोड्या दिवसांच्या व्हिसाला सहसा बोलावत नाहीत. म्हणजे कुठेतरी काहीतरी टोचलंय त्यांना. टोचू दे.

६ मार्च

सगळं जसंच्या तसं लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

दुसऱ्या मजल्यावरची खोली. टेबलापलीकडे त्यांचा अधिकारी, तरुण, केस अगदी बारीक कापलेले. बाजूला दुभाषा. मला त्यांची भाषा बोलता येत नाही, पण फॉर्मवरचे शब्द सगळे येतात. नाव, पत्ता, कारण, कालावधी, आहे, नाही, माहीत नाही. एवढ्यावर माझं आयुष्य चाललंय.

लग्न? नाही. मुलं? नाही. घर? भाड्याची खोली. काम? टेबल. दुभाष्याने माझ्याकडे बघितलं आणि 'व्यवसाय' असं काहीसं सांगून टाकलं. तो शब्द फॉर्मवर असतो, मला कळला. म्हटलं, "टेबलच सांगा. इथून दिसतंय."

अधिकारी उठून खिडकीपाशी गेला. खाली जिन्याच्या तोंडाशी पाच-सहा माणसं उभी होती, हातात कागद. झेरॉक्सवाला त्यांना काही समजावत होता. अधिकाऱ्याने विचारलं, ते लोक कशासाठी थांबलेत? मी म्हटलं, "मी परत यायची वाट बघतायत. मी चहाला गेले तरी बघतात."

मग त्याने यादी पुढे ओढली. दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. हे नाव आमच्याकडे नव्हतं, म्हणाला. मी म्हटलं, ठाऊक आहे. मग का लिहिलंत? "तुम्ही विचारलंत, नातेवाईक आहे का. आहे. मागच्या वेळी मी नाही लिहिलं होतं, ते खोटं होतं. तेही मांडून घ्या."

त्याने काहीतरी लिहिलं. मग विचारलं, ती राहते कुठे?

मी म्हटलं, "मी तिला भेटायची परवानगी मागायला आलेय. तिला तुमच्या हवाली करायला नाही आले."

दुभाषा भला माणूस. त्याने मला वाचवायला बघितलं. त्यांच्या भाषेत म्हणाला — पत्ता, माहीत नाही. दोन्ही शब्द मला येतात! मी टेबलावर हात ठेवला. म्हटलं, "नाही, तसं नका सांगू. मला पत्ता पाठ आहे, पिनकोडसकट. सांगणार नाही, असं सांगा."

दुभाष्याने सांगितलं. अधिकारी माझ्याकडे बघत राहिला. चिडला नव्हता. उलट काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. त्याच्या फॉर्मवर 'आहे' आणि 'नाही' दोनच चौकोन असणार, 'सांगणार नाही' चा चौकोनच नसणार.

"तुम्ही नियम जाणता," तो म्हणाला. म्हटलं, "जाणते. बहिणीने तुमचा नियम मोडलाय, ते मी लिहूनच दिलंय. मी मोडलेला नाही. मला एकवीस दिवस द्या, बाविसाव्या दिवशी मी या टेबलाशी नसले तर या २१७ माणसांपैकी कुणालाही पकडून विचारा."

खाली उतरले तेव्हा झेरॉक्सवाला म्हणाला, काय झालं? म्हटलं, काही नाही, पुढचा कोण आहे रांगेत?

८ मार्च

वाट बघणे.

१४ मार्च

नाकारला. फक्त पहिली ओळ. दुसरी, फोन नंबरची, या वेळी नाही! म्हणजे टोळीचा डाग धुतला गेला. राहिलं काय, तर मी परत येणार नाही एवढंच. सुंठीवाचून अर्धा खोकला गेला म्हणायचा.

मुख्य म्हणजे नियमात लिहिलंय, पुन्हा अर्ज करता येतो. किती वेळा, ते लिहिलेलं नाही.

१५ मार्च

ताईला सगळं सांगितलं, मुलाखतीसकट. तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायची होती. "पत्ता नाही दिलास?" नाही दिला. "त्यांनी विचारला तरी?" विचारला तरी. "दिला असतास तर व्हिसा मिळाला असता?" म्हटलं, कोण जाणे, मिळालाही असता.

मग म्हणाली, "आता तू काही भरू नकोस. पुरे."

म्हटलं, तू मोठी असलीस तरी फॉर्मच्या बाबतीत माझं चालतं.

"वेडी आहेस," म्हणाली, आणि वहिनीला काहीतरी निरोप सांगायला लागली. तो निरोप अर्ध्यावर थांबवून म्हणाली, "राहू दे, मी सांगेन."

२२ मार्च

ताई फोन उचलत नाही. आज तिसरा दिवस. म्हातारीच्या घरचा नंबरही वाजून बंद होतो.

२५ मार्च

ताईचा मेसेज, तोही बोललेला. "बरी आहे. कामात आहे. काळजी करू नकोस." आवाज तिचाच. मागे कुणीतरी टोकन नंबर पुकारत होतं. दवाखाना असेल. बरं झालं, गेली एकदाची.

दादाकडे सहज म्हणून गेले. तो म्हणाला, "दुसऱ्यांदाही नाही म्हणाले ना? सुंभ जळाला तरी तुझा पीळ जायचा नाही." मी म्हटलं, पीळ आहे म्हणून तर सुंभ. वहिनी आत हसली. दादाने ऐकलं आणि पेपर वर धरला.

३० मार्च

तिसरा अर्ज तयार. या वेळी पत्रं अठ्ठेचाळीस. काउंटरवरची मुलगी चहाला आली तेव्हा तिने एक कागद पुढे केला. तिच्या आईचं पत्र! "मला देता येत नाही," म्हणाली, "आईला येतं." काचेबाहेर बरंच ओळखते की मला.

मास्तरांनी नवीन पत्र दिलं. आधीच्यात त्यांची एक तारीख चुकली होती म्हणे, माणूस दोन रात्री झोपला नाही.

३ एप्रिल

अर्ज दिला. ठसे पहिल्या खेपेत उमटले. जोरात दाबायचं, शिकले मी.

११ एप्रिल

ताईचा फोन. गुरुवारी दुपारच्या विमानाने येतेय. कायमची. आपण होऊन तिथल्या व्हिसाच्या कार्यालयात गेली आणि सांगितलं, चौदा वर्षं जास्त राहिले, मला घरी पाठवा. पुन्हा त्या देशात पाऊल ठेवता येणार नाही, असं त्यांनी लिहून घेतलंय. मी विचारलं, "सही करण्याआधी वाचलंस तरी का?" म्हणाली, "त्यांनीच वाचून दाखवलं. माझा हात धरून सहीच्या जागेवर ठेवला." मग म्हणाली, "आणि हे बघ, विमानतळावर लांबून हात करू नकोस. जवळ येऊन हाक मार."